मुलुंड नाक्यापासून कोगनोळी नाक्यापर्यंत

मुलुंडचा व्यापारी जन्मभर सीमेवरच राहत असतो. मुंबई महापालिकेची हद्द आमच्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर संपते आणि तेथून ठाणे सुरू होते. त्या जागेला आजही सगळे ‘चेक नाका’ म्हणतात, जरी तेथे तपासण्यासारखे आता काही उरलेले नाही. माझ्या वडिलांनी आणि नंतर मी स्टीलच्या भांड्यांचा व्यापार केला. त्या काळात भांड्यांचे वजन आणि जकातीची पावती या दोन गोष्टींवर आमची झोप अवलंबून असे. ट्रक नाक्यावर रात्रभर उभा राहिला की सकाळी दुकानात ग्राहक उभा राही आणि माल मात्र नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, राज्याराज्यांमधले विक्रीकराचे तपासणी नाकेही उठले. पुढे १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सुरू झाले आणि सीमा कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर आली. मालाचे येणे-जाणे सोपे झाले. माणसांचे तितके सोपे झाले आहे का, हा प्रश्न मला २०२४ च्या कार्तिकात एका शनिवार-रविवारच्या प्रवासाने विचारला. त्याची ही हकिकत.

आम्हाला जायचे होते निपाणीला. मुलुंडपासून हे अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. कोल्हापूरच्या पुढे कागल लागते, कागल ओलांडले की कोगनोळीचा टोलनाका, आणि तेथून कर्नाटक सुरू होते. निपाणीत माझे महाविद्यालयातील मित्र राहतात. त्यांना सगळे गाव ‘अण्णा’ म्हणते, म्हणून येथेही मी तेच म्हणेन. समोरासमोर मात्र आम्ही एकमेकांना ‘तू’च म्हणतो.

१९८४ ते १९८७ ही तीन वर्षे आम्ही दोघे कोल्हापुरात एका शिंप्याच्या घरी खोली घेऊन वाणिज्य शाखेत शिकलो. वास्तविक निपाणीच्या अगदी लगत अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय आहे. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय महाराष्ट्रात, असा त्याचा मोठा मौजेचा पत्ता आहे. निपाणीची मुले रोज चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातात. पण अण्णांच्या वडिलांची तंबाखूची वखार होती आणि मुलाने काही वर्षे तरी वखारीपासून दूर राहावे, अशी त्याच्या आईची इच्छा होती. म्हणून तो कोल्हापुरास आला. मी सांगलीकडच्या एका खेड्यातून आलो होतो.

खोली मिळाली, पण जेवणाचा प्रश्न सुटेना. खानावळीत कांदा-लसणाशिवाय काही शिजत नसे आणि पहिली पंगतच मुळी दिवे लागल्यावर बसे. पहिला आठवडा आम्ही केळी आणि शेंगदाण्यांवर काढला. अण्णांच्या आईला हे कळले आणि दुसऱ्या सोमवारपासून निपाणीहून दुपारच्या एसटीने दोन डबे येऊ लागले. निपाणी ते कोल्हापूर चाळीस किलोमीटर. कंडक्टरच्या आसनाखाली ठेवलेले ते दोन डबे चारच्या सुमारास स्थानकावर उतरत आणि आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवत असू. रिकामे डबे सकाळच्या गाडीने परत जात. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर तीन वर्षांत हा क्रम क्वचितच चुकला. ज्या बाईने मला तोपर्यंत पाहिलेही नव्हते, तिने माझ्यासाठी वेगळा डबा घेतला होता. तिला आम्ही ‘अक्का’ म्हणत असू.

अक्कांचे माहेर अथणीकडचे. त्या मराठी बोलत, पण त्यांच्या मराठीत कन्नडचा हेल असे, आणि लिहिणे-वाचणे सगळे कन्नडमध्ये. घरखर्चाचा हिशेबसुद्धा त्या कन्नड आकड्यांत मांडत. माझ्या डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कन्नड अक्षरांत नाव घातलेले होते. भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची पद्धत सर्वांना ठाऊक आहेच. मी स्वतः हजारो भांड्यांवर नावे घालून दिली आहेत. ते अक्कांचे नाव असणार, हे उघड होते. मला ती लिपी येत नव्हती आणि अण्णाही मराठी शाळेतलाच. शेवटच्या परीक्षेनंतर मी परस्पर मुंबईची गाडी पकडली, तेव्हा तो डबा माझ्या ट्रंकेत राहून गेला. ‘पुढच्या वेळी देऊ’ असे म्हणता म्हणता सदतीस वर्षे गेली.

या सदतीस वर्षांत आम्ही निपाणीला गेलो नाही असे नाही. लग्नाला गेलो, अण्णांच्या वास्तुशांतीला गेलो. मग दुकान वाढले, मुले मोठी झाली आणि जाणे विरळ झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये अक्का गेल्या. त्या वेळी महाराष्ट्रातून कर्नाटकात जायला करोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत असे आणि कोगनोळीला गाड्या अडवून कागद पाहिले जात. मी अण्णाला फोनवर म्हणालो, “सीमा बंद आहे रे, नाहीतर निघालोच असतो.” हे वाक्य खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. अहवाल मिळवून जाणारे जात होते. मला भीती वाटत होती, दुकानाची काळजी होती आणि सीमेचे कारण आयते हाताशी होते. काही महिन्यांनी निर्बंध उठले, तेव्हा जायला काहीच अडचण उरली नाही. पण आता इतक्या उशिरा कोणते तोंड घेऊन जायचे, या विचाराने पाऊल उचलेना. दरवर्षी पर्युषणानंतर मी त्याला मोबाइलवर क्षमापनेचे एक सुंदर चित्र पाठवत असे. तो दोन जोडलेले हात पाठवी. असे तीनदा झाले. चौथ्या वर्षी मी चित्र पाठवले आणि उत्तर आले नाही.

माझी सौभाग्यवती घाटकोपरची, गुजराती श्वेतांबर कुटुंबातली. मी दक्षिणेकडचा दिगंबर. आमच्या घरात पर्युषणाचे आठ दिवस संपतात तेव्हा दशलक्षणाचे दहा दिवस सुरू होतात. ती ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणते, मी ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, आणि मुलगा दोन्ही म्हणून दोन्हीकडून मिठाई घेतो. त्या दिवशी ती मला एवढेच म्हणाली, “चित्र पाठवून क्षमा होते का? डबा घेऊन जा आणि हात जोडा.” मग हळूच म्हणाली, “दुसऱ्याची वस्तू इतकी वर्षे घरात ठेवणे हे अदत्तादानच की!” न दिलेली वस्तू घेणे हा अचौर्य व्रताचा भंग. मापात आणि हिशेबात आयुष्यभर जपलेले हे व्रत माझ्याच स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर मोडून पडलेले होते.

चातुर्मासात ती लांबचा प्रवास करत नाही. म्हणून कार्तिकी पौर्णिमा उलटून जाऊ दिली आणि नंतरच्या एका शनिवारी निघालो. मी, सौ. आणि गाडी चालवायला मुलगा. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. तिने त्यात सुखडी भरली. हिवाळ्यात मिठाईचा काळ तीस दिवसांचा, त्यामुळे चिंता नव्हती.

पहाटे निघायचे ठरले होते आणि निघालो साडेसहाला. मुंबईकराच्या प्रवासाची सुरुवात अशीच होते. ऐरोलीच्या पुलावर टोलनाक्याच्या खिडक्या ओस होत्या. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर लहान गाड्यांचा पथकर माफ झाला आहे. “बाबा, तुमचा आणखी एक नाका गेला,” मुलगा म्हणाला. कळंबोलीहून द्रुतगती महामार्गाला लागलो आणि बोरघाटाच्या पायथ्याशी सगळी मुंबई आमच्यापुढे उभी असलेली दिसली. शनिवारी सकाळी लोणावळ्याला जाणे हा आता उपनगरांचा साप्ताहिक विधीच झाला आहे. घाट चढायला दोन तास लागले. एरवी मी चिडलो असतो, पण सौ.ची नवकारशी होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे उलटेपर्यंत ती पाणीही घेत नाही. ती शांतपणे नवकार मोजत बसली आणि वेळ झाल्यावर घाटातच, हलत नसलेल्या गाडीत, दशम्या आणि शेंगांच्या चटणीचा डबा उघडला. शेजारच्या गाडीतील एका लहान मुलाने इतक्या आशेने पाहिले की एक दशमी खिडकीतून तिकडे गेली.

पुणे मागे पडले, खंबाटकी घाट आला, मग सातारा. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम सुरू होते. दर काही किलोमीटरवर वळणरस्ता, धूळ आणि एका रांगेत चालणारी वाहने. त्यात उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर आभाळाला टेकलेला ऊस, आणि मागे आम्ही. कराड यायला दोन वाजले. कराडजवळच्या काले गावीच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या या माणसाने सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवायला बसवली. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या घरचे जेवण द्यावे, ही रीत या मुलखात जुनी आहे, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला.

साडेतीनला अण्णाचा फोन आला. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला कळवले होते, तेव्हा तो फक्त “या” म्हणाला होता. आता त्याने विचारले, “कुठं हाईस?” मी म्हणालो, “पेठ नाक्यावर.” क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “सूर्यास्त सहाला तीन मिनिटं कमी. ध्यानात ठेव.” आणि फोन बंद झाला.

त्या एका वाक्याने गाडीतले वातावरण बदलले. आमच्याजवळ खायला होते. रस्त्यात कोठेही थांबून जेवून घेता आले असते. पण त्याच्या घरी पाने मांडली जाणार, हे मला ठाऊक होते, आणि आम्ही सूर्यास्तानंतर पोहोचलो तर ती तशीच राहणार, हेही. त्याच्या घरी दिवस बुडाल्यावर कोणी जेवत नाही. साडेतीन वर्षांनी जायचे आणि त्याच्या घरच्यांना उपाशी ठेवायचे, ही कल्पना असह्य होती. मी म्हणालो, “फोन करून सांगतो, तुम्ही जेवून घ्या.” सौ. म्हणाली, “सांगून ते जेवणार आहेत का? त्यापेक्षा पोहोचू या.” मुलगा मात्र शांत होता. तो म्हणाला, “बाबा, वेग वाढवणार नाही. पोहोचायचे असेल तर असेच पोहोचू.” त्याचे बरोबर होते. घाईने होणारी हिंसा चौविहाराने फिटत नाही.

शिरोलीला पंचगंगा ओलांडली तेव्हा पावणेपाच झाले होते. कोल्हापुरात महालक्ष्मीचे शिखर दिसते का, म्हणून माझी मान सवयीने वळली. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल लागला. पाणी संथ, काठावर ऊस, अलीकडे जसा तसाच पलीकडे. कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाडी आली आणि फास्टॅगचा टुक् असा आवाज होऊन दांडा वर गेला. ना कोणी अडवले, ना कागद मागितला. पाट्यांवरची अक्षरे तेवढी वाटोळी झाली. ज्या सीमेचे नाव सांगून मी साडेतीन वर्षे घरी बसलो, ती ओलांडायला एक सेकंद लागला. मला त्या नाक्याची लाज वाटली. म्हणजे खरे तर माझी.

या सीमेचा इतिहास वाचकांना माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव म्हैसुरातच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. या लेखात त्या वादात शिरण्याचे कारण नाही. इतकेच सांगतो की निपाणीच्या बाजारात मराठीत भाव होतो, पावती कन्नडमध्ये असते आणि शिव्या दोन्ही भाषांत समान वापरल्या जातात.

यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडली. सूर्य उजव्या हाताला उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. याच रस्त्यावर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला होता आणि गोळीबारात माणसे मेली होती. आमच्या वर्गात तेव्हाच्या आठवणी सांगणारी मुले होती. अक्का त्या घटनेविषयी कधी बोलत नसत. पण ज्या मालापायी माणसे मरतात आणि जो माल ओढूनही माणसे मरतात, तो घरात नको, असे त्या पतीला सांगत राहिल्या, हे मला नंतर कळले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही अण्णाच्या दारात होतो.

तो ओट्यावर उभा होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी पायऱ्यांवर काही बोलण्यासाठी थांबलो. रस्ताभर वाक्ये जुळवली होती. त्याने हात वर करून मला थांबवले. “मागनं बोलू. पानं वाढल्यात. हात धुवा, बसा.” वहिनी आतून म्हणाल्या, “वहिनी, या आत, पाणी गाळून ठेवलंय.” आणि आम्ही, सव्वाचारशे किलोमीटरची धूळ अंगावर घेऊन, ताटांवर बसलो. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी आणि खपली गव्हाची खीर. तिकडे तिला ‘हुग्गी’ म्हणतात आणि कन्नड-मराठी कोणत्याही जैन घरातले शुभकार्य तिच्यावाचून होत नाही. सतरा मिनिटांत आम्ही सहा माणसे जेवलो. कोणी एक शब्द बोलले नाही. घड्याळाकडे पाहत जेवणे मी लहानपणापासून करत आलो आहे, पण जेवताना डोळे भरून येण्याची ती पहिलीच वेळ. शेवटचे पाणी प्यालो आणि बाहेर दिवस बुडाला.

रात्री आम्ही दोघे जुन्या वखारीच्या ओट्यावर बसलो. वखारीत आता तंबाखू नाही. अक्कांच्या हट्टाने ती वीस वर्षांपूर्वी रिकामी झाली. अण्णा आता ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. पहिली काही वर्षे तोटा झाला, असे तो म्हणाला, आणि पंधरा कर्मादानांपैकी एखादे तरी सुटले म्हणून आई समाधानाने गेली, असेही म्हणाला. तिचे नाव निघाले, तेव्हा मी बोललो. सीमेचे कारण सांगितले नाही. भ्यालो होतो, म्हणून आलो नाही, आणि मग लाजेने आलो नाही, असे सांगितले. हात जोडले. जे वाक्य दरवर्षी चित्राखाली छापून पाठवत होतो, ते पहिल्यांदा तोंडाने म्हटले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पहिलं वर्ष मी वाट बघितली. गाडी थांबली की वाटायचं, तू आलास. मग वाट बघायचं सोडलं.” थोडे थांबून त्याने जे सांगितले, ते मला अपेक्षित नव्हते. मधल्या काळात तो दोनदा मुंबईला आला होता. एकदा भांडुपला, नळ्यांच्या व्यवहारासाठी. मुलुंड त्याच्यापासून दोन स्थानके दूर होते. तो फोन हातात घेऊन फलाटावर उभा राहिला आणि फोन न करता परतीच्या गाडीला गेला. “म्हणजे माझं पण देणं निघतं,” तो म्हणाला. त्यानेही हात जोडले. व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे, तर दोन्ही वह्यांत बाकी होती आणि आम्ही दोघे आपापलीच वही पाहत होतो. क्षमा मागणे आणि क्षमा करणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत व्हावी लागतात, म्हणून तर ‘खामेमि’ आणि ‘खमंतु’ हे शब्द प्रतिक्रमणात एकमेकांना लागून येतात. हे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. अर्थ त्या ओट्यावर कळला.

रविवारी सकाळी आम्ही सर्व जण स्तवनिधीला गेलो. निपाणीच्या दक्षिणेस, तवंदी घाटाच्या कुशीत, महामार्गाला लागूनच हे क्षेत्र आहे. पार्श्वनाथांचे दर्शन घेतले, क्षेत्रपाल ब्रह्मनाथांपुढे नारळ ठेवला. एका बाजूला कन्नडमध्ये अभिषेकाचे संकल्प सांगितले जात होते, दुसऱ्या बाजूला मराठीत, आणि णमोकार आला की दोन्हीकडचे आवाज एक होत. येथेच १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे लोक तिच्या उभारणीत होते. हेच लठ्ठे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. सभेचे ‘प्रगती आणि जिनविजय’ हे पत्र माझ्या आजोबांकडे येत असे. त्या काळी या मंडळींना शाळा आणि वसतिगृहे काढायची होती. कोणते गाव पुढे कोणत्या राज्यात जाईल, याची त्यांना कल्पना नव्हती. आज त्यांच्या कार्याचा मुलूख दोन राज्यांत आहे, सभा मात्र एक आहे.

स्तवनिधीच्या पायरीवर बसून अण्णाने नातीला आचार्य शांतिसागर महाराजांची गोष्ट सांगितली. महाराजांचा जन्म १८७२ चा, निपाणीजवळच्या भोज गावच्या परिसरातला. भोजजवळ दूधगंगा आणि वेदगंगा एकत्र येतात, म्हणजे आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या दोन नद्या ओलांडल्या, त्याच. दीक्षेपूर्वी, तरुण वयात, नदीला पाणी असताना ते मुनींना खांद्यावर घेऊन पैलतीरी नेत, असे सांगतात. पुढे तेच पायी सम्मेदशिखरापर्यंत आणि दिल्लीपर्यंत गेले आणि १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. नातीने विचारले, “त्यांना कोगनोळीला थांबवलं नाही का?” सगळे हसले. मीही हसलो.

परतीची वेळ झाली, तेव्हा सौ.ने पिशवीतून डबा काढला. सुखडीचा वास स्वयंपाकघरभर झाला. मी वहिनींना म्हणालो, “ही अक्कांची वस्तू. सदतीस वर्षे आमच्याकडे राहिली. आता तुमच्या हवाली.” अण्णाने डबा हातात घेऊन फिरवला, ओळखला, आणि झाकणावरून बोट फिरवत राहिला. त्याला आता कन्नड बोलता येते, पण वाचताना तो आजही अडखळतो. नात शाळेत कन्नड शिकते. “आजोबा, द्या, मी वाचते,” म्हणत तिने झाकण घेतले आणि ठिपक्यांवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडले.

ते अक्कांचे नाव नव्हते. ते माझे नाव होते.

स्वयंपाकघरात कोणी काही बोलले नाही. नातीला वाटले, आपले काही चुकले. तिने पुन्हा वाचले आणि तेच नाव आले. १९८४ च्या त्या आठवड्यात, मला न पाहताच, अक्कांनी बाजारात जाऊन एक नवा डबा घेतला होता आणि त्यावर त्यांना येणाऱ्या एकमेव लिपीत माझे नाव घालून घेतले होते. जन्मभर भांड्यांवर नावे घालून देणाऱ्या माणसाला आपल्याच डब्यावरचे नाव वाचता आले नव्हते.

वहिनींनी सुखडी एका ताटात काढली. डबा धुऊन, पुसून, त्यात खपली गहू भरला आणि सौ.च्या हाती दिला. “तुमचा डबा आम्ही कसा ठेवून घेणार?” त्या म्हणाल्या. “आणि भरलेला नेला की परत आणावा लागतो, हे ध्यानात ठेवा.”

परतीच्या वाटेवर कोगनोळीचा दांडा पुन्हा एक सेकंदात वर गेला. घाटात गर्दी होतीच. मुलुंडला पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. चेक नाक्याकडे जाणारी वाहने अजून संथपणे सरकत होती. डबा आता वरच्या फळीवर नाही. तो ओट्यावर, रोजच्या हाताशी आहे. त्यातला गहू संपत आला आहे आणि अक्षय्य तृतीयेनंतरचा एक शनिवार आम्ही निपाणीसाठी राखून ठेवला आहे. या वेळी मात्र खरोखर पहाटे चारला निघणार आहोत.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एखादा डबा असेल, किंवा असा एखादा फोन, जो फलाटावर उभे राहून केला गेला नाही. पुढची संवत्सरी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सुखडी महिनाभर टिकते.

जय जिनेंद्र.